फुकटच्या ग्रुपचा खर्च कामगाराच्या खिशातून

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा किंवा नावग्याच्या पट्ट्यातल्या पन्नास-साठ माणसांच्या कारखान्यांत आज कारभाराची खरी वही व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर असते. कोण कुठल्या शिफ्टला, कुठलं मशीन बंद, कुणाचा माल आज निघायचा, कुणाची रजा मंजूर, सगळं तिथेच ठरतं. निपाणी-चिकोडीकडच्या साखर कारखान्यांचे शेती विभाग, गावोगावच्या पतसंस्था, खानापूर तालुक्यातल्या शाळा यांचंही बहुतेक तसंच चालतं. ही पद्धत कुठल्या मालकाने किंवा संचालक मंडळाने बसून ठरवलेली नाही. एखाद्या सुपरवायझरने सोयीसाठी ग्रुप काढला, माणसं वाढत गेली आणि सोयीचाच नियम झाला.

कामाच्या ठिकाणी समाजमाध्यम वापरायला माझी हरकत नाही. पण ज्या संस्थेला ते वापरायचं आहे, तिने त्याचा खर्च आणि त्याची जबाबदारी स्वतः उचलली पाहिजे. आज दोन्ही कामगार उचलतो. फोन त्याचा, रिचार्ज त्याचा, रात्रीची वेळ त्याची. आणि गोंधळ झाला की ‘ग्रुपवर टाकलं होतं की!’ हे ऐकून घ्यायचं, तेही त्यानेच.

या एका वाक्यात सगळी गडबड आहे. टाकणाऱ्याच्या लेखी टाकलं म्हणजे कळवलं. प्रत्यक्षात संदेश पाठवणं, तो फोनवर पोचणं, तो उघडणं, त्याचा अर्थ कळणं आणि त्याप्रमाणे काम होणं या पाच वेगळ्या पायऱ्या आहेत. दोन करड्या खुणा दुसऱ्या पायरीपर्यंतच नेतात, निळ्या खुणा तिसरीपर्यंत. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला नेटवर्क जातं-येतं, तिथून येणाऱ्याला सकाळी साडेसहाला निघताना रात्रीचा संदेश दिसेलच असं नाही. तीन शिफ्टची माणसं एकाच ग्रुपमध्ये कोंबली की पहिल्या शिफ्टची सूचना दुसऱ्या शिफ्टच्या ‘ओके सर’खाली गाडली जाते. गेल्या आठवड्यात कामावर लागलेल्याला तो येण्याआधीच्या सूचना आपोआप दिसत नाहीत, त्या त्याला वेगळ्या द्याव्या लागतात, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही. रात्री पावणेबाराला कुणी ‘उद्या सुट्टी’ लिहिलं आणि पहाटे पाचला कुणी ते वाचलं, तर कुठला उद्या? तारीख आणि वार न लिहिलेली सूचना निम्मीच सूचना असते. सीमाभागात हे जास्त नडतं, कारण चंदगड तालुक्यातली माणसं बेळगावात कामाला येतात आणि निपाणीची माणसं कागलच्या एमआयडीसीत जातात. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची सुट्टी कर्नाटकातल्या कारखान्याला असते, पलीकडे महाराष्ट्रात नसते.

फौंड्रीतलं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातलं उदाहरण घेतलं की या गोंधळाची किंमत नीट कळते. एसजी आयर्नचा (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं त्या ओतीव लोखंडाचा) धातू मॅग्नेशियमची ट्रीटमेंट झाल्यावर साधारण दहा-बारा मिनिटांत ओतून संपवायचा असतो. उशीर झाला की मॅग्नेशियम विरतं, ग्रॅफाइटचे गोळे नीट धरत नाहीत आणि कास्टिंग तपासणीत बाद होतं. अशा कामात धातूत काय किती आहे ते सांगणारा स्पेक्ट्रोचा रिपोर्ट ग्रुपवर फोटो काढून टाकायचा आणि भट्टीवरच्याने हातमोजे काढून तो बघायचा, ही रीत मुळातच चुकीची आहे. त्यात फोटोवर हीटचा, म्हणजे भट्टीतल्या खेपेचा नंबर नसेल तर मागच्या हीटचा सिलिकॉन बघून पुढच्या हीटमध्ये फेरोसिलिकॉन पडतं. दोन भट्ट्या एकाच वेळी चालू असल्या तर ही चूक आज ना उद्या होणारच. जिथे मिनिटांचा हिशेब आहे तिथे लॅबच्या खिडकीतला बोर्ड, बेल किंवा इंटरकॉम हवा. भट्टीजवळ हातात फोन असणं हाच मुळात धोका आहे.

मशीन शॉपमधली गोष्ट निराळी, पण नुकसान तेवढंच. ड्रॉइंगचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं. ए-थ्री कागदावरचा बारीक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) फोनच्या पडद्यावर धूसर होतो, ०.०२ आणि ०.२ यांतला फरक एका ठिपक्यावर अवलंबून असतो. तेच ड्रॉइंग पीडीएफ करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर जसंच्या तसं जातं. एवढं साधं कळलं तरी काही जॉब वाचतील. पण खरी अडचण रिव्हिजनची, म्हणजे ड्रॉइंगच्या सुधारित आवृत्तीची आहे. ग्राहकाने रिव्हिजन बी रद्द करून सी पाठवली, ती ग्रुपवर आली, पण मशीनवरच्याच्या गॅलरीत बी तशीच पडून आहे आणि त्याला तीच आधी सापडते. कागदाची जुनी प्रत रॅकवरून काढून ‘रद्द’चा शिक्का मारता येतो. पन्नास फोनांतली जुनी प्रत कुणीच काढू शकत नाही.

सगळ्यात घातक म्हणजे उत्तरादाखल टाकलेलं अंगठ्याचं चिन्ह. मेंटेनन्सचा माणूस पॅनलमागे काम करतोय. ऑपरेटर ग्रुपवर विचारतो, ‘चालू करू का?’ कुणीतरी अंगठा टाकतो. तो अंगठा कुणाचा, कशाला, आधीच्या संदेशाला की या प्रश्नाला? मेन स्विचला कुलूप, कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात आणि कुलपावर त्याच्या नावाचा टॅग, याला दुसरा कुठलाही पर्याय नाही. वीज, क्रेन, भट्टी, गॅस यांतली कुठलीही परवानगी ग्रुपवर देऊ नये आणि घेऊ नये, हा नियम लेखी असावा. अंगठ्याचा अर्थ बाजारातही गंभीर झालाय. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या न्यायालयाने २०२३ मध्ये करारावर पाठवलेला अंगठा ही मंजुरीच आहे असं धरून एका शेतकऱ्याला ८२ हजार डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. तो निकाल आपल्याला लागू नाही, पण खरेदी विभागातल्या माणसाने पुरवठादाराच्या दरपत्रकावर अंगठा दाबण्याआधी दोनदा विचार करावा इतका तो बोलका आहे.

आपल्याकडे या संदेशांचं कायद्यात काय स्थान आहे, याबद्दल कारखानदार आणि कामगार दोघांच्याही मनात गैरसमज आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका क्रेडिट कार्ड कंपनीच्या प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस निळ्या खुणांवरून पोचल्याचं मान्य केलं. उलट सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं की चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर देऊन चालणार नाही. म्हणजे ‘व्हॉट्सअ‍ॅपवर दिलं की झालं’ असा सरसकट नियम नाही, कुठल्या कायद्याखाली काय कळवायचं आहे त्यावर ते ठरतं. पुराव्याचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा सांकेतिक आकडा) नोंदवायची असते. नुसत्या स्क्रीनशॉटच्या प्रिंटवर विसंबलेली केस न्यायालयात लंगडी पडते. पगारकपात, निलंबन, बदली, मेमो या गोष्टी कागदावर, सही घेऊन द्याव्यात. ग्रुपवर सगळ्यांसमोर माणसाला झापणं तर कुठल्याच शिस्तीत बसत नाही. त्याने शिस्त येत नाही, माणूस दुखावतो आणि दुसऱ्या दिवशी अर्धा विभाग गप्प बसतो.

खासगीपणाचा मुद्दा आपल्याकडे शहरी चोचला समजला जातो. पतसंस्थेचं उदाहरण घ्या. पिग्मी एजंट नव्या खातेदाराचं आधार कार्ड आणि पॅन कार्ड फोटो काढून शाखेच्या ग्रुपवर टाकतो, म्हणजे क्लार्कला खातं उघडता यावं. ग्रुपमध्ये पंधरा माणसं, त्यांतल्या निम्म्यांच्या फोनवर फोटो आपोआप डाउनलोड होतात आणि तिथून प्रत्येकाच्या खासगी क्लाउड बॅकअपमध्ये जातात. घरात तोच फोन मुलगा गेम खेळायला घेतो. एका भाजीवालीचं आधार कार्ड अशा रीतीने पंधरा घरांत पोचतं आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संस्थांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. डेटाच्या सुरक्षेत हयगय केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या पतसंस्थेला एवढा दंड होईल असं नाही, पण ही रीत बंद करायला कायद्याची वाट कशाला बघायची? कागदपत्रं थेट शाखेच्या एका फोनवर किंवा ई-मेलवर जावीत आणि काम झालं की एजंटच्या फोनवरून पुसावीत.

बायकांच्या बाबतीत तर ग्रुपमध्ये घालणं म्हणजे तिचा नंबर सगळ्यांना वाटणं. पॅकिंग, कोअर शॉप, असेंब्ली इथे काम करणाऱ्या मुलींना ग्रुपवरून नंबर उचलून रात्री ‘जेवलीस का’ असे संदेश येतात. त्या ग्रुप सोडू शकत नाहीत, कारण शिफ्ट तिथेच कळते. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते आणि कामामुळे मिळालेल्या नंबरावरून दिलेला त्रास हा तिच्याच अखत्यारीतला विषय आहे. समितीच्या सदस्यांची नावं नोटीस बोर्डावर असतात, ती ग्रुपच्या माहितीतही लिहावीत. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘कम्युनिटी’मध्ये सूचनांचा जो मुख्य ग्रुप असतो, तिथे सामान्य सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, फक्त अ‍ॅडमिनला दिसतात. शिफ्टची पत्रकं तिथे टाकली तर मुलींचा अर्धा त्रास कमी होतो. तरीही किती ठिकाणी तो वापरतात?

आता भाषेकडे येऊ. बेळगावातल्या एका शॉप फ्लोअरवर मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही भाषा रोज बोलल्या जातात. मराठी शाळेत शिकलेल्या पुष्कळांना कन्नड बोललेलं कळतं पण लिपी सावकाश वाचता येते. बैलहोंगल-गोकाककडून आलेल्या कन्नडभाषकाला मराठी बोली समजते पण देवनागरीत लिहिलेलं नियमपत्रक नको वाटतं. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्याला दोन्ही नाही. अशा ग्रुपवर इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली मराठी किंवा कन्नड हा सगळ्यात वाईट तोडगा आहे, ती कुणालाच भराभर वाचता येत नाही. भाषेचा अभिमान इथे कुणाला शिकवायची गरज नाही, त्यासाठी इथल्या लोकांनी सत्तर वर्षं लढा दिलाय. पण सुरक्षेची सूचना ही अभिमान दाखवायची जागा नव्हे. ज्याचा हात मशीनमध्ये जाणार आहे त्याच्या भाषेत ती असली पाहिजे, मग ती कुठलीही असो. यावर चालणारा उपाय आहे: प्रत्येक महत्त्वाच्या सूचनेचे तीन व्हॉइस मेसेज, तीन भाषांत, प्रत्येकी तीस सेकंदांच्या आत, त्याच शिफ्टमधल्या माणसांच्या आवाजात. आणि बोर्डावर लिहिलेल्या मजकुराचा एक फोटो. तयार करायला दहा मिनिटं लागतात. लांबलचक व्हॉइस मेसेज मात्र कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही, मुद्दा पहिल्या दहा सेकंदांत आला पाहिजे.

आणि १ नोव्हेंबर. ज्या दिवशी कन्नडभाषकांसाठी राज्योत्सव असतो आणि सीमाभागातल्या मराठीभाषकांसाठी काळा दिवस, त्या दिवशी कामाच्या ग्रुपवर एक घोषणा, एक झेंडा, एक फॉरवर्ड पुरतो. वर्षभर एका लॅडलला (वितळलेला धातू ओतायच्या भांड्याला) दोन बाजूंनी धरणारी माणसं आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीत. निवडणुकीतही तसंच. कुणाचं मत काय असावं हा संस्थेचा विषय नाही, पण कामाच्या ग्रुपवर ते नको, हे सांगण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे आणि तिने तो सर्वांना सारखा लावला पाहिजे. मालकाच्या मेहुण्याचा झेंडा चालतो आणि हेल्परचा पुसला जातो, असं झालं की नियम संपला. ऑक्टोबरअखेर ग्रुप फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असा करून ठेवणं हा साधा उपाय आहे, तो अपमान वाटू नये म्हणून सुरुवातीपासूनच तसा ठेवावा.

मुळात सूचनांचा ग्रुप आणि बोलण्याचा ग्रुप वेगळे हवेत. सूचनांच्या ग्रुपवर फक्त दोन-तीन माणसं लिहितील. शिफ्टवार किंवा विभागवार ग्रुप वीस-पंचवीस माणसांचे असावेत, त्यापुढे कुणीच उत्तर देत नाही. व्हॉट्सअ‍ॅप १०२४ माणसांपर्यंत परवानगी देतं म्हणून तेवढी भरायची नसतात. सूचनेत तारीख, वार, शिफ्ट, मशीन किंवा विभाग, काय करायचं, कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढं आलंच पाहिजे. पंधरा मिनिटांत संदेश दुरुस्त करता येतो, पण शिफ्टची वेळ किंवा माप बदलायचं असेल तर दुरुस्ती करू नये. जुना संदेश तसाच ठेवून ‘आधीची सूचना रद्द’ असं लिहून नवा द्यावा, कारण ज्याने जुना वाचलाय तो बदललेला परत वाचत नाही. गायब होणारे संदेश कामाच्या ग्रुपवर बंद ठेवावेत. आदेश, मंजुरी, गुणवत्तेच्या नोंदी रजिस्टरमध्ये, जॉब कार्डवर किंवा ईआरपीत (संस्थेच्या संगणकावरच्या कारभाराच्या प्रणालीत) असाव्यात. ग्रुपवर फक्त ‘जॉब कार्ड अमुक बघा’ एवढंच.

ग्रुपचा मालक कोण, हा प्रश्न माणूस नोकरी सोडेपर्यंत कुणी विचारत नाही. अ‍ॅडमिन म्हणून एकटाच असलेला एचआर विभागातला मुलगा पुण्याला गेला, जाताना रागाने बाहेर पडला, तर व्हॉट्सअ‍ॅप उरलेल्यांतल्या कुणालाही अ‍ॅडमिन करून टाकतं. म्हणून संस्थेच्या नावावर एक सिम आणि एक साधा फोन घ्यावा. तोच नंबर पहिला अ‍ॅडमिन, सोबत दुसरा माणूस. त्या नंबराला सहा आकडी पिन लावावा आणि तो पिन सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवावा. एका नंबराला फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात, तेव्हा ऑफिस, स्टोअर आणि डिस्पॅचच्या संगणकांवर तोच नंबर उघडता येतो आणि तीन माणसांचे खासगी फोन मोकळे होतात. राजीनाम्याच्या यादीत ओळखपत्र, अवजारं, लॉकरची किल्ली याबरोबर ‘ग्रुपमधून काढलं’ ही ओळही हवी, त्याच दिवशीच्या तारखेसह. दर महिन्याला ग्रुपची निर्यात करून प्रत ठेवावी. फोटोंसह निर्यात केली तर शेवटचे १०,००० संदेशच मिळतात, फोटो वगळून ४०,०००, त्यामुळे वर्षअखेरची वाट बघितली तर सुरुवातीचे महिने हातातून जातात.

यावर काही जण म्हणतील, मग कंपन्यांसाठीचं स्वतंत्र सोशल नेटवर्कच का घेऊ नये? ऑफिसमध्ये संगणकावर बसणाऱ्या तीस-चाळीस जणांसाठी झोहो क्लिक किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्स, किंवा स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं मॅटरमोस्ट, जरूर घ्यावं. माणूस गेला की त्याचं खातं बंद करता येतं आणि नोंदी संस्थेकडे राहतात, हा फार मोठा फायदा आहे. पण शॉप फ्लोअरवरच्या माणसाला कंपनीचा ई-मेलच नसतो, नवं अ‍ॅप, नवा पासवर्ड आणि इंग्रजी मेन्यू दिला की तो पुन्हा जुन्या ग्रुपवर जातो. शिवाय दुसऱ्याच्या दुकानावर किती विसंबायचं हेही बघावं. फेसबुकने २०१६ मध्ये ‘वर्कप्लेस’ नावाचं असंच कंपन्यांचं नेटवर्क सुरू केलं, मोठमोठ्या कंपन्यांनी घेतलं, आणि मे २०२४ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. ऑगस्ट २०२५ नंतर तिथे फक्त वाचता येत होतं. ज्यांनी आपल्या नोंदी बाहेर काढल्या त्यांच्याच उरल्या. व्हॉट्सअ‍ॅपही त्याच कंपनीचं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: छोट्या कारखानदाराला हा सगळा सोपस्कार परवडत नाही, स्पर्धा राजकोट आणि कोइमतूरच्या कारखान्यांशी आहे. त्यात तथ्य आहे. पण एक सिम, एक फोन, तीन भाषांतले तीन आवाज आणि एक रजिस्टर यांचा खर्च महिन्याला हजार-दीड हजारांपुढे जात नाही. चुकीच्या रिव्हिजनवर घडवलेले वीस-पंचवीस जॉब भंगारात गेले तर त्याहून जास्त जातं. न परवडण्याचा खरा अर्थ असा की आजवर हा खर्च दुसऱ्याच्या खिशातून होत होता.

तेव्हा कामगार संघटनांनी पुढच्या वेतन करारात याविषयीची कलमं मागावीत, आणि जिथे संघटना नाही तिथे कामगारांनी अर्ज करून मागावीत. कामासाठी खासगी फोन वापरायला लावल्यास महिन्याच्या रिचार्जचा ठरावीक हिस्सा पगारपत्रकावर वेगळ्या ओळीत मिळावा. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्याला ग्रुपमध्ये यायचं नाही, त्याला तीच सूचना गेटवरच्या बोर्डावर त्याच वेळी मिळावी आणि ग्रुपवर नसल्याबद्दल त्याच्यावर कारवाई होऊ नये. रात्री आठ ते सकाळी सहा ग्रुपवर कामाचं काही येऊ नये. तातडीचं असेल, हेस्कॉमची विजेची लाइन गेली आणि भट्टीत धातू अडकला, तर फोन करावा. आणि शिफ्टबाहेर ग्रुपवरून बोलावून काम करून घेतलं तर तो वेळ मस्टरवर चढावा, आठवड्याच्या ४८ तासांपुढे दुप्पट दराने. तसा कायदा आहेच, पण ग्रुपवरून दिलेल्या कामाचे तास आजवर कुठल्याच मस्टरवर चढत नाहीत.